‘हओ’चं मोजमाप

माळव्यात होकाराला ‘हओ’ म्हणतात. गेल्या चोवीस वर्षांत हा शब्द मी किती हजार वेळा ऐकला असेल, सांगता येणार नाही. मी सर्वेक्षणाचं काम करते. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये माझं माहेर आणि सासरही इथलंच, रेल्वेच्या पुलापासून चालत दहा मिनिटांवर. सुरुवातीला दारोदार जाऊन फॉर्म भरायचे. पुढे पर्यवेक्षक झाले. आता प्रश्नावल्या बांधणं आणि नव्या मुलामुलींना शिकवणं हे काम जास्त. येणारी कामं अलीकडे बहुतेक एकाच अंगाची असतात: पवनचक्क्या, गॅसची शेगडी, सौरपंप, ई-रिक्षा, गच्चीवरचे पॅनल. कोळसा आणि डिझेल मागे टाकून ऊन-वाऱ्याकडे जे चाललंय, त्याबद्दल लोकांना काय वाटतं आणि त्यांच्या जगण्यात काय फरक पडला, ते मोजायचं.

‘हओ’नं मला पहिला धडा दिला तो देवासच्या बाजूला. जामगोदराणीच्या टेकड्यांवर १९९०च्या दशकातच पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्या परिसरातल्या गावांत आम्ही प्रश्न विचारत फिरत होतो. ‘पवनचक्क्यांमुळे गावाचं भलं झालं’ हे वाक्य वाचून दाखवायचं आणि पाचपैकी एका चौकटीत खूण करायची: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. दिवसभरात माझ्या सगळ्या खुणा पहिल्या दोन चौकटींत पडल्या. संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षकांनी फॉर्म चाळले आणि दुसऱ्या दिवशी मला त्याच आळीत पाठवलं, फक्त वाक्य फिरवून: ‘पवनचक्क्यांमुळे गावाचं नुकसान झालं.’ त्याच लोकांनी तितक्याच आपुलकीनं सांगितलं, ‘हओ.’

मला वाटलं, हे लोक खोटं बोलतात. पर्यवेक्षक म्हणाले, “नाही ताई, ते तुमचा मान ठेवतात. उन्हातून पाहुणी आली आहे, तिला नाही कसं म्हणायचं? हा ‘हओ’ तुम्हाला आहे, वाक्याला नाही.”

तेव्हापासून सहमत-असहमतच्या चौकटींवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. माळवा म्हणजे सोयाबीनचा मुलूख. आम्ही पिशवीत सोयाबीन घेऊन जायला लागलो. जमिनीवर खडूनं गोल काढायचे: रस्ता, रोजगार, जमीन, पाणी, आवाज, वीजबिल. हातात दहा दाणे द्यायचे आणि सांगायचं, ज्या गोष्टीनं तुमच्या घरात जास्त फरक पडला तिथे जास्त दाणे ठेवा. गावकऱ्यांकडून गावाची माहिती काढायची ही जुनीच रीत आहे, माझा शोध नव्हे. पण तिनं माझं काम पालटलं. दहाच दाणे असले की माणूस विचार करतो. एका गोलातला उचलून दुसऱ्यात ठेवतो, परत काढतो, शेजारणीशी वाद घालतो. तो वाद चालू असताना मी वहीत जे टिपते, ते चौकटींतून कधीच हाती लागलं नसतं.

एका बाईंनी नऊ दाणे गोलांत ठेवले आणि दहावा सगळ्या गोलांच्या बाहेर, उंबऱ्याजवळ. मला वाटलं हातातून पडला. त्या म्हणाल्या, “हा तुमच्या कागदात नाही.” विचारलं तर कळलं, यंत्राची सामग्री नेण्यासाठी नवा रस्ता फोडला तेव्हा पहाटे आडोशाला जायची त्यांची झाडी गेली. रस्त्याच्या गोलात त्यांनीच चार दाणे ठेवले होते. रस्ता त्यांना हवाच होता.

आमच्या प्रश्नावलीत ‘आडोसा’ असा शब्द नव्हता. पुढच्या प्रत्येक कामात मी एक रिकामा गोल काढत आले आहे.

रतलामच्या बाजूचा एक अनुभव मात्र माझ्या चुकीचा आहे. तिथे एका गावात माणसामागून माणूस सांगत होता की हे पंखे ढग उडवून लावतात, म्हणून पाऊस पडत नाही. सांगली-साताऱ्याच्या पठारांवरही पवनचक्क्या आल्या तेव्हा दुष्काळाच्या वर्षांत हेच बोललं जायचं, हे मला नात्यातल्या लोकांकडून ठाऊक होतं. पवनचक्कीची पाती जमिनीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर फिरतात, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर असतात. तेव्हा ही सगळी उत्तरं मी ‘गैरसमज’ या सदरात टाकली आणि अहवालात शिफारस गेली की गावात जनजागृती करावी.

दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेले. चहाला बसलो असताना ढगांबद्दल सगळ्यांत मोठ्यानं बोलणारे काका सहज सांगू लागले. मधल्या दलालानं त्यांची माळरानाची जमीन नांगरालाही लागत नाही म्हणून मातीमोल भावानं घेतली आणि तीच पुढे कितीतरी पटीनं विकली. कागदावर सही त्यांची होती, फसवलं म्हणायला पुरावा नव्हता, आणि आपण फसलो हे चारचौघांत सांगायची लाज वाटत होती. “ढगांचं बोलायला लाज लागत नाही बेटा,” ते म्हणाले.

मी ज्याला गैरसमज म्हटलं होतं ती तक्रार होती. ती मी माझ्या हातानं पुसून टाकली होती. तेव्हापासून मी कुठल्याही प्रश्नावलीत ‘गैरसमज’ हे सदर ठेवू देत नाही. असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “हे काम सुरू झालं त्या वर्षी तुमच्या घरात काय काय झालं?” मत शेवटी विचारायचं. आधी जमीन, पैसा, वाट, पाणी, वेळ.

‘जलवायु परिवर्तन’, म्हणजे हवामानबदल, या शब्दाचंही तेच. सर्वेक्षणाच्या टॅबवर तो शब्द येतो, आमची मुलं तो वाचतात आणि समोरचा माणूस गप्प होतो. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२मध्ये भारतभर ४,६१९ लोकांना विचारलं होतं. ५४ टक्के म्हणाले की जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला थोडंसंच माहीत आहे किंवा कधी ऐकलेलंच नाही. पण तिचा अर्थ थोडक्यात सांगितल्यावर ८४ टक्के म्हणाले की हे घडतंय. मला या आकड्यांचं नवल वाटलं नाही. मार्चमधल्या उन्हानं गव्हाचा दाणा बारीक राहतो, हे माळव्यातल्या शेतकऱ्याला आम्ही सांगायची गरज नसते. आमचा शब्द त्याला माहीत नसतो, एवढंच.

उज्जैनला जयसिंगाची वेधशाळा आहे. नव्या मुलांना मी प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी तिथे नेते. सम्राट यंत्र नावाच्या सूर्यघड्याळाच्या सावलीवरून वेळ वाचायला सांगते आणि मग हातातलं घड्याळ बघायला सांगते. दोन्ही जुळत नाहीत. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून उज्जैन बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे सुमारे सत्तावीस मिनिटांचं अंतर पडतं आणि ऋतूप्रमाणे तेही कमीजास्त होतं. म्हणून तिथे दुरुस्तीचा तक्ता लावलेला असतो. सावली चुकीची नसते, पण तक्ता नसेल तर वाचणारा चुकतो. आमच्या उत्तरांनाही असा तक्ता लागतो: उत्तर देताना जवळ कोण उभं होतं, महिना कोणता होता, आम्हाला कोणी पाठवलंय असं त्या घराला वाटलं, गेल्या वेळी अशीच माणसं येऊन गेल्यावर काय झालं होतं. हे चार रकाने मी प्रत्येक फॉर्मच्या पाठीवर छापून घेते. ते भरायला मुलं कंटाळतात. मी भरून घेतेच.

गेल्या वेळी काय झालं होतं, हा रकाना शहरात फार बोलतो. महाकाल मंदिरालगतचा ‘महाकाल लोक’ परिसर ऑक्टोबर २०२२मध्ये खुला झाला, भाविकांची गर्दी वाढली आणि ई-रिक्षा झपाट्यानं वाढल्या. चालकांचं सर्वेक्षण आलं. पहिला प्रश्न होता, ‘विजेवर चालणारं वाहन तुम्हाला कसं वाटतं?’ उत्तरं झकास. धूर नाही, खडखड नाही, गिअरचा त्रास नाही. पण पुढे ‘आणखी अशी वाहनं यावीत का’ विचारलं की वस्तीतली जुनी माणसं आखडायची. हा रोष रिक्षावर नव्हता. ही कुटुंबं गिरणी कामगारांची. विनोद मिल बंद पडल्यावर इथल्या कामगारांना देण्यांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. शेजारी इंदूरला हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटींच्या देण्याचा निकाल लागला डिसेंबर २०२३मध्ये. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. ज्या घरानं हे पाहिलंय त्या घराला ‘बदल’ या शब्दाची धास्ती असते. एका आजोबांनी मला विचारलं, “बंद पडेल तेव्हा देणं कोण देणार, ते लिहिलंय का तुमच्या कागदात?” मी कागद उलटसुलट पाहिला. नव्हतं.

चालकांचा खरा हिशेब हाती आला तो मी एक आख्खा दिवस एका चालकाच्या रिक्षात बसून काढला तेव्हा. रिक्षा भाड्याची, रोजचं भाडं मालकाला द्यायचं, कमाई होवो न होवो. शिशाच्या चार बॅटऱ्या, वर्ष-दीड वर्षात दम सोडतात आणि बदलायचा खर्च एकरकमी येतो. दुपारी चारच्या सुमाराला चार्ज उतरतो, नेमकी संध्याकाळच्या आरतीची गर्दी सुरू व्हायच्या वेळेला. घरी चार्जिंग त्याच एका खोलीत, जिथे मुलं झोपतात. त्याच्या बायकोनं मला बॅटरीचा वास कुठवर येतो ते भिंतीला हात लावून दाखवलं. नवरा समोर असताना ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तो पाणी आणायला गेला तेवढ्यात बोलली. तरीही दोघांना ही गाडी डिझेलच्या टेम्पोपेक्षा बरी वाटते, आणि मी ते तसंच लिहिलं. गाडी चांगली आहे. त्यांना हवी आहे चार्जिंगची सुरक्षित जागा आणि बॅटरीसाठी हप्त्यांची सोय. २०२८च्या सिंहस्थासाठी शहरात विजेवरची वाहनं किती लागतील याची चर्चा ऐकते तेव्हा मला ती एक खोली आठवते.

उज्ज्वला योजना मे २०१६मध्ये सुरू झाली, त्यानंतर गॅसच्या कामांवरही मी खूप फिरले. त्याबद्दल एवढंच सांगते: ‘गॅस आहे का’ या प्रश्नाला अर्थ नाही. चुलीतली राख गरम आहे का ते बघावं.

फ्रीगंजमध्ये, माझ्याच गल्लीबोळांत काम करणं मला सगळ्यांत अवघड गेलं. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झाली. गच्चीवर तीन किलोवॅटचे पॅनल बसवले की ७८,००० रुपये अनुदान. लगेच सर्वेक्षण निघालं: किती घरं बसवतील? एका ओळखीच्या मराठी घरात गेले. मुलगा उत्साहानं म्हणाला, “नक्की बसवणार, यंदाच.” मी खूण केली आणि निघाले. काकू मला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या, दोन पायऱ्या उतरून खाली आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अगं, तो म्हणतो खरं, पण गच्ची तिघा भावांची आहे. अजून वाटण्या झाल्या नाहीत. सही कोण करणार? आणि उन्हाळ्यात मी कुरडया, पापड कुठे घालू? तेवढंच माझं वर्षाचं स्वतःचं म्हणून उत्पन्न.”

त्या घराची खूण ‘नक्की’ची होती आणि सत्य जिन्यात होतं. मी परत वर जाऊन खूण बदलली नाही, कारण उत्तर मुलाचं होतं. पण तेव्हापासून आमच्या गटात ‘जिन्यातलं’ असा एक रकानाच झाला आहे. निघताना, वही मिटल्यावर, बहुधा घरातल्या बाईनं सांगितलेलं जे काही असेल ते बाहेर पडल्याबरोबर लिहून ठेवायचं.

त्याच इमारतीत तळमजल्यावर दोन भाडेकरू कुटुंबं राहतात. त्यांच्याकडे आम्ही गेलोच नाही. त्यांना गच्ची नाही, म्हणून ती नमुन्यात बसत नव्हती. वीजबिल मात्र त्यांनाही येतं.

नमुन्यात न बसणाऱ्यांची गोष्ट मला पुरी सांगायची आहे, कारण माझ्या कामातली सर्वांत मोठी रुखरुख तीच आहे. आमच्या भागात आगर, शाजापूर आणि नीमच मिळून १,५०० मेगावॅटचे सौर प्रकल्प आखले गेले. रीवाच्या प्रकल्पात २०१७मध्ये युनिटचा पहिल्या वर्षीचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला तेव्हा देशभर नाव झालं होतं, पुढचे दर त्याहूनही खाली आले. मला याचा अभिमान आहे. ही स्वस्त वीज लागणारच आहे. पश्चिम मध्य प्रदेशातल्या अशाच एका प्रकल्पाच्या कुंपणालगतच्या गावात आम्ही गेलो होतो. गावाचं आणि प्रकल्पाचं नाव मी लिहीत नाही. मतदारयादीतून घरं निवडली. बांधकाम चालू होतं, पोरांना हजेरी मिळत होती, एक किराणा दुकान होतं तिथे चार झाली होती. उत्तरं उत्तम आली.

परतताना रस्त्यावर मेंढ्यांचा मोठा कळप आडवा आला. राजस्थानातून दर हिवाळ्यात माळव्यात उतरणारे रबारी. उंटावर खाटा, कोकरं, भांडी. त्यातल्या लाल पागोटेवाल्या म्हाताऱ्यानं आमची जीप थांबवली आणि विचारलं, “पल्याडच्या तळ्याकडे जायची वाट आता कुठून आहे?” त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनची वाट कुंपणात गेली होती. आता मोठा वळसा, तोही ट्रकच्या रस्त्यावरून. आदल्या दिवशी त्याची दोन कोकरं चाकाखाली गेली होती. आम्ही काय लिहितो आहोत हे त्यानं विचारलं. मी सांगितलं. “मग लिहा,” तो म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला बसला.

मी फॉर्मांच्या पाठीवर दोन पानं लिहिली. काम देणाऱ्या संस्थेला पाठवलं तेव्हा उत्तर आलं की हे उत्तरदाते नमुन्यात बसत नाहीत. पद्धतीच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. त्या यादीत रबारी नव्हताच, त्याचं मत त्या गावात नोंदलेलं नाही. अहवालात तो आला नाही. मी भांडायला हवं होतं. पुढच्या कामाची गरज होती म्हणून मी भांडले नाही.

कुंपणात गेलेली ती जमीन सरकारी दफ्तरात पडीक. गावकरी तिला चरनोई म्हणतात, म्हणजे आपलं गायरान. तिथे गावातल्या भूमिहीनांच्या शेळ्या चरायच्या, बायका गोवऱ्यांसाठी शेण आणि काटक्या आणायच्या. कोणाच्या जमिनीच्या कागदावर नसलेलं हे उत्पन्न कोणाच्या नुकसानीतही धरलं जात नाही. कायद्याची वाटही इथे येऊन संपते. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची तरतूद आहे, पण सरकारी जमीन दिली किंवा शेतकऱ्यांकडून थेट भाड्यानं घेतली तर ते संपादन ठरत नाही. सौर प्रकल्पांना २००६च्या पर्यावरणीय अधिसूचनेखालच्या मंजुरीची गरज नाही, त्यामुळे जनसुनावणीही नाही. हेतू चांगला आहे, स्वच्छ विजेचं काम अडू नये. पण त्यामुळे काय गेलं हे विचारायला कायद्यानं बांधलेलं कोणी उरत नाही. उरतो तो एखादा आमच्यासारखा सर्वे, तोही बांधकामाच्या आनंदाच्या दिवसांत.

बांधकाम संपल्यावर त्या गावात मी स्वतःच्या खर्चानं गेले. चारपैकी दोन दुकानं बंद होती. पहारेकरी, गवत कापणारे आणि पॅनल धुणारे एवढीच कामं राहिली होती. तरी गाव नाराज नव्हतं, दिवे आले होते, रस्ता आला होता. पण आदल्या वेळी ‘पूर्ण सहमत’ म्हणणाऱ्या एका तरुणानं मला सांगितलं, “ताई, तेव्हा हजेरी चालू होती.”

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या परिणामांची पाहणी केली, ती १९४८मध्ये छापली गेली. कालव्यांनी शेतकऱ्याला काय दिलं हे त्यांनी मोजलं तेव्हा पाणी वाहायला लागून बरीच वर्षं झाली होती. पीक, मजुरी, गावातला धंदा, सगळ्यांवरचा परिणाम दिसायला तोवर वेळ मिळाला होता. त्या पाहणीची मला आठवण येते ती यासाठी की ती इतक्या वर्षांनी झाली. आम्हाला तीन आठवडे मिळतात.

म्हणून जे अशी कामं काढतात, सरकार असो, कंपनी असो की विद्यापीठ, त्यांना माझी विनंती आहे. दुसऱ्या फेरीचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा. घरांची यादी करण्याआधी वाटांचा आणि चरनोईचा नकाशा करा. आणि दुसरी फेरी हिवाळ्यात ठेवा, कारण रबाऱ्यांचे कळप तेव्हा माळव्यात असतात.